मार्था, मरीया आणि आपल्या घरातली मुलं

एकाच आईबापाची, एकाच मंडळीत वाढणारी दोन मुलं. थोरली उपासनेत तासभर जागची हलत नाही, धाकटा पहिलं गीत संपायच्या आत बाकाखाली शिरलेला असतो. उपासना सुटली की चर्चच्या आवारात कुणीतरी म्हणतंच, "दोघांत केवढा फरक! हा कुणावर गेला?" ख्रिस्ती घरात या प्रश्नाला आणखी एक काच असतो. शांत मूल म्हणजे भाविक मूल आणि चळवळं मूल म्हणजे देवाची भीती नसलेलं मूल, असं समीकरण आपल्या मनात नकळत बसलेलं असतं. ते चुकीचं आहे आणि त्यापायी अनेक मुलं लहानपणीच "मी देवाला आवडत नाही" अशी समजूत करून घेतात. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय आईवडिलांनी एकदा आपली मुलं डोळ्यांसमोर ठेवून वाचावा. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर वारला आहे. येशू येतोय हे कळताच मार्था उठून त्याला गाठायला बाहेर जाते, मरीया घरातच बसून राहते. दोघींचं दुःख एक आहे आणि येशूसमोर आल्यावर दोघी म्हणतात तेही एकच: प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. पण दोघींना मिळणारं उत्तर वेगवेगळं आहे. मार्थेशी येशू बोलतो. पुनरुत्थानाविषयी सांगतो, तिला विचारतो, तुझा यावर विश्वास आहे का? ती तिथल्या तिथे ठाम उत्तर देते. मरीया त्याच्या पाया पडते तेव्हा मात्र तो काहीच समजावत बसत नाही. लाजराला कुठे ठेवलंय एवढं विचारतो आणि रडतो. एकीला बोलून धीर येतो, दुसरीला कुणीतरी आपल्याबरोबर रडावं लागतं. येशूला हे ठाऊक होतं.

याच दोघी बहिणी लूकच्या १०व्या अध्यायातही भेटतात आणि तिथे येशू मार्थेला टोकतो. कशाबद्दल टोकतो, ते नीट पाहायला हवं. पाहुण्यांसाठी राबते म्हणून नव्हे. काळजीने जीव टांगणीला लावून ती बहिणीची तक्रार घेऊन आली, त्याबद्दल. पुढे योहानाच्या १२व्या अध्यायात, वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत जेवण आहे. तिथेही मार्था वाढतेच आहे आणि मरीया पुन्हा येशूच्या पायांशीच आहे. म्हणजे मार्थेची मरीया झाली नाही, तसा कुणी प्रयत्नही केला नाही. तिचा कामसूपणा तिच्याकडेच राहिला, तक्रार तेवढी या वेळी ऐकू येत नाही.

घरात रोज हाच फरक करावा लागतो. मोठ्या आवाजात बोलणं हा स्वभाव, आजीला वाकडं बोलणं ही चूक. पाहुण्यांसमोर न येणं हा स्वभाव, पाहुण्यांच्या मुलाचं खेळणं लपवून ठेवणं ही चूक. एखादी गोष्ट धरून बसणं हा स्वभाव, ती मिळवण्यासाठी खोटं सांगणं ही चूक. स्वभावाशी आपण जुळवून घ्यायचं, चुकीला आवर घालायचा. बहुतेक घरांत याची अदलाबदल होते. अबोल मुलीला घमेंडखोर म्हणून बोलणी बसतात आणि गोडबोल्या मुलाचं खोटं सहज खपून जातं. त्यात नुकसान दोघांचंही होतं.

स्वभावाचा हा भाग जन्मापासून दिसतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांचा अभ्यास सुरू केला आणि तीच मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. त्यांनी नऊ गोष्टी तपासल्या: हालचाल किती, भूक-झोप किती नियमित, नव्या माणसाजवळ जातं की मागे सरतं, बदल किती लवकर पचवतं, आवाज-स्पर्श-उजेड किती जाणवतो, आनंद आणि राग किती जोरात व्यक्त करतं, एरवी प्रसन्न असतं की कुरकुरं, लक्ष किती सहज विचलित होतं आणि एका कामाला किती वेळ चिकटून राहतं. त्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के मुलं सोपी निघाली, १० टक्के सांभाळायला अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी. उरलेली ३५ टक्के कोणत्याच गटात धड बसली नाहीत. त्यांचा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष वेगळाच आहे. अडचण एकट्या मुलाच्या स्वभावातून येत नाही. मुलाचा स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की ती येते.

नीतिसूत्रे २२:६ मध्ये मुलाला त्याच्या स्थितीला अनुरूप शिक्षण द्यायला सांगितलं आहे. ती स्थिती आधी बघायला नको का? त्यासाठी एक साधी वही करा आणि दोन आठवडे लिहा. प्रत्येक मुलासाठी वेगळं पान. चार वेळा विशेष बघायच्या: सकाळची शाळेची तयारी, शाळेतून परतल्यावरचा पहिला अर्धा तास, रविवारी चर्चला निघतानाची गडबड आणि घरी पाहुणे आलेले असताना. दर वेळी तीनच गोष्टी टिपा. आधी काय घडलं, मुलाने काय केलं, पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. "आज फार त्रास दिला" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "बूट घालायला सांगितलं तेव्हा चित्र काढत होता, ओरडला, दहा मिनिटांनी स्वतःहून आला" असं लिहा. चौदा दिवसांनी पानं समोर ठेवली की दिसतं: ओरडणं चर्चला जाण्याबद्दल नव्हतंच, हातातलं काम अचानक तोडल्याबद्दल होतं. मग निघायच्या दहा मिनिटं आधी एकदा आणि तीन मिनिटं आधी एकदा सूचना दिली की अर्धी भांडणं कमी होतात.

वहीच्या शेवटच्या पानावर आईने आणि वडिलांनी स्वतःचा स्वभावही लिहावा. याला फाटा देऊ नका. इसहाकाला थोरला मुलगा एसाव आवडायचा, कारण त्याने आणलेल्या शिकारीचं मांस त्याला आवडायचं. तंबूत राहणारा शांत धाकटा याकोब आईचा, रिबकाचा, लाडका. शास्त्र हे लपवत नाही आणि पुढे त्या घराची काय दशा झाली तेही लपवत नाही: फसवणूक, खुनाची धमकी, वर्षानुवर्षांची ताटातूट. आपल्यासारखं असलेलं मूल आपल्याला सोपं वाटतं. कधी उलटंही होतं. स्वतःतला जो गुण आपल्याला खुपतो तोच मुलात दिसला की आपण त्याच्यावर जरा जास्तच तुटून पडतो. हे आईवडिलांनी एकमेकांना मोकळेपणी सांगायचं असतं.

आता कौटुंबिक प्रार्थनेविषयी, कारण ख्रिस्ती घरात स्वभावांची खरी टक्कर इथेच होते. बिघडण्याची कारणं ठरलेली असतात. वेळ रात्री साडेनऊची, मुलं पेंगुळलेली. वाचन अख्ख्या अध्यायाचं, कधी वंशावळीचं. प्रार्थना एकट्या बाबांची आणि लांबलचक. लहान मूल चुळबुळ करतं, त्याला दटावलं जातं आणि देवाशी बोलण्याची वेळ म्हणजे ओरडा खाण्याची वेळ असं त्याच्या मनात पक्कं होतं.

त्याऐवजी वेळ जेवणाआधीची ठेवा, संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराची. चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी पाच-सात मिनिटं पुरतात, सात ते दहासाठी दहा-बारा, त्यापुढे पंधरा. घरात तिन्ही वयांची मुलं असतील तर धाकट्याच्या मापाने सुरुवात करा, त्याला मोकळं करा आणि मोठ्यांबरोबर पुढे वाचा. एका गीताची दोन कडवी, आठ-दहा ओव्यांचं वाचन, एक प्रश्न, मग प्रार्थना. प्रश्न "यातून काय शिकलो?" असा नको, त्याला मुलं पाठ केलेली उत्तरं देतात. "होडीत तू असतास तर कुठे बसला असतास?" असं विचारा.

चळवळ्या मुलाच्या हाताला काम द्या. खंजिरी किंवा टाळ त्याच्याकडे, गीतपुस्तकं वाटणं-गोळा करणं त्याच्याकडे. वाचन चालू असताना त्याला कागद-पेन्सिल द्या आणि ऐकतोय ते काढू द्या. चित्र काढणारं मूल ऐकत नाही, हा मोठा गैरसमज आहे. अनेक मुलांचे हात गुंतले की कान उघडतात. खात्री करायची तर वाचनानंतर चित्राबद्दलच विचारा. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट अशा मुलाला उभं राहून, खुर्चीवर चढून करून दाखवू द्या. दहा मिनिटांतली चार मिनिटं तो हलला तरी बिघडत नाही.

अबोल मुलाला मोठ्याने प्रार्थना करायला भाग पाडू नका, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. आधी चिठ्ठीवर एक ओळ लिहू द्या आणि ती तुम्ही वाचा. काही आठवड्यांनी तीच ओळ त्याला वाचू द्या. मग न लिहिता एक वाक्य. "आमेन" तेवढं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. या पायऱ्यांना सहा महिने लागले तरी लागू द्या. मंदिरात प्रार्थना करताना हन्नाचे तर फक्त ओठ हलत होते आणि एली याजकाला ती प्यालेली वाटली. देवाने तिचं ऐकलं होतं.

हळव्या मुलासाठी गोष्टींची निवड करावी लागते. जलप्रलय, इसहाकाचं अर्पण, वधस्तंभावरचं मरण या गोष्टी झोपायच्या आधी नकोत. दिवसाउजेडी, मांडीवर घेऊन सांगा आणि एका बैठकीत शेवटापर्यंत न्या. गुड फ्रायडेला गोष्ट थांबवून "पुढचं रविवारी" असं म्हटलं तर हे मूल दोन रात्री झोपत नाही. मोठ्या पडद्यावर दाखवले जाणारे रक्तबंबाळ प्रसंग पाच-सहा वर्षांच्या हळव्या मुलाला दाखवूच नयेत, मग बाकीची मुलं बघत असली तरी.

आणि एक सवय कळकळीने सांगून मोडायला हवी. मुलाच्या देखत, मोठ्याने, "प्रभू, या मुलाला चांगली बुद्धी दे, याचा हट्टीपणा काढून टाक" अशी प्रार्थना करू नका. ती प्रार्थना राहत नाही, देवासमोर केलेली तक्रार होते आणि मुलाला तिला उत्तरही देता येत नाही. मुलाच्या देखत त्याच्याबद्दल आभार माना, तेही नेमके: "आज याने आजीचा चष्मा शोधून दिला, त्याबद्दल." हट्टासाठीची विनंती खोलीचं दार लावून करा.

शिस्तीच्या बाबतीत नियम सगळ्या मुलांना एकच असावा, पोचवायची वाट वेगळी. खोटं बोलायचं नाही हा नियम दोघांनाही. पण एका मुलाला नुसतं "मला वाईट वाटलं" म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. त्याला त्याहून जास्त बोललात तर तो चुकीऐवजी तुमचा चेहराच लक्षात ठेवतो. दुसऱ्याला आधीच ठरलेला आणि न चुकता मिळणारा परिणाम लागतो: खोटं सांगून मोबाइल घेतला तर दोन दिवस मोबाइल नाही. परिणाम रागाच्या भरात ठरवला की तो दोन दिवसांवरून महिन्यावर जातो, मग पाळता येत नाही आणि शब्दाची किंमत जाते. चुकीचं नाव घ्या, मुलाला नाव ठेवू नका. नुकसान भरून द्यायची संधी द्या. शेवटी "माफ केलं" हे शब्द उच्चारा आणि ती गोष्ट पुढच्या भांडणात पुन्हा बाहेर काढू नका. "येशूला तू आवडत नाहीस" हे वाक्य तर कोणत्याही रागात तोंडातून जाता कामा नये. ते खरं नाही.

छडीचा विषय निघतोच. नीतिसूत्रांतली ओळ पुढे करून मारणं अजूनही घराघरांत चालतं. पण २३व्या स्तोत्रातली मेंढपाळाची काठी धीर देणारी आहे, आणि पौल इफिस आणि कलस्सैच्या मंडळ्यांना लिहिताना बापांना बजावतो की मुलांना चिरडीस आणू नका, ती खचून जातील. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतही शारीरिक शिक्षा बंद केली. हळवं मूल माराने दबतं, जिद्दी मूल माराने निबर होतं, आणि दोघंही शेवटी लपवायला शिकतात. माझं मत स्पष्ट आहे: मारू नये.

तुलनेबद्दल थोडक्यात. "पाळकसाहेबांचा मुलगा बघ, किती वचनं पाठ आहेत" या वाक्याने आजवर कुणाला वचनाची गोडी लागलेली नाही. पाठांतर हे एक दान आहे, पण दानं आणखीही आहेत. आपल्याच नाशिकमध्ये, शरणपूरच्या मिशन वसाहतीत, एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना अक्षरांबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवलं जाई. त्यांच्यातला जेकब वेनराइट लिहिण्या-वाचण्यात तयार झाला. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचं हृदय पुरलेल्या जागेवरच्या झाडावर मजकूर कोरायचं काम त्याच्याकडे आलं. ज्याच्या हातात हत्यार शोभतं त्याला हत्यार आणि ज्याच्या हातात लेखणी शोभते त्याला लेखणी, ही जुनी समज आपण मार्कांच्या नादात विसरू नये.

तुलना थांबवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे प्रत्येक मुलाला एकट्याला वेळ देणं. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, एक पालक आणि एकच मूल, फोन घरी. कुठे जायचं ते मुलाच्या स्वभावावर सोडा. ज्याचे पाय थांबत नाहीत त्याला पांडवलेणीच्या पायऱ्या चढू द्या किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर पळू द्या, तो धापा टाकतानाच मनातलं बोलतो. पुस्तकात रमणाऱ्या मुलीला १८४० साली सुरू झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात न्या आणि गप्प बसा. तिला सोबत हवी असते, प्रश्न नको असतात. दोघांना "सारखं" मिळालं पाहिजे म्हणून दोघांनाही एकाच ठिकाणी नेलं की एकाला कंटाळा येतो आणि दुसऱ्याला अपराधी वाटतं.

चर्चमध्ये हळूहळू रुळणाऱ्या मुलाला घेऊन उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. रिकामं चर्च त्याला आपलं वाटतं, भरलेल्या चर्चमध्ये शिरायचं त्याला दडपण येतं. बाक शक्यतो तोच ठेवा, कडेचा, म्हणजे बाहेर जावं लागलं तरी गोंधळ होत नाही. आल्याआल्या प्रत्येकाला "सलाम कर" म्हणून पुढे ढकलू नका. हात जोडले, मान हलवली, एवढं पुष्कळ झालं. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत फेब्रुवारीत जी गर्दी लोटते ती आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी शिक्षा ठरते. त्याला भल्या सकाळी न्या किंवा यात्रा सरल्यावर एखाद्या साध्या दिवशी, तेव्हा तो तिथे खरोखर प्रार्थना करेल.

नाताळच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाला स्टेजवर उभं करायचा अट्टहास नको. पडदा ओढणारा, पंख चिकटवणारी, तबल्यावर बसणारा, सगळे त्या कार्यक्रमात आहेत. घरोघर नाताळची गीतं गाणाऱ्या कॅरल पार्टीबरोबर डिसेंबरच्या थंडीत जाणाऱ्या लाजऱ्या मुलाच्या हातात घरांची यादी आणि टॉर्च द्या. गाण्याची सक्ती नसली की तिसऱ्या-चौथ्या घरापासून तो गुणगुणायला लागतो. नाही लागला, तरी यादी त्याने सांभाळलीच.

मोठी मुलं प्रश्न विचारतात. विचारू द्या. येशू पुन्हा उठला यावर थोमा या शिष्याने शंका काढली, तरी आठ दिवसांनी तो त्याच खोलीत इतर शिष्यांबरोबर होता. कुणी त्याला बाहेर घालवलं नव्हतं आणि येशू पुन्हा आला तो त्याच्यासाठी. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "रविवारपर्यंत बघून सांगतो" म्हणा आणि खरंच सांगा. कन्फर्मेशनच्या, म्हणजे विश्वासाच्या दृढीकरणाच्या, वर्गाला बरोबरीची सगळी मुलं बसली म्हणून तयार नसलेल्या मुलाला रेटू नका. एका वर्षाने काही बिघडत नाही.

सगळंच स्वभावावर ढकलूही नये, ही दुसरी बाजू. दोन वर्षांचं होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, येत असलेलं बोलणं गेलं असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून कान आणि वाढ तपासून घ्या. हुशार मूल वाचनात सतत अडखळत असेल तर तो आळस नसतो, डोळे आणि वाचनक्षमता तपासावी. मोकळं मूल अचानक मिटलं, एखाद्या व्यक्तीकडे किंवा ठिकाणी जायला घाबरायला लागलं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर शांतपणे विचारा, त्याचं म्हणणं खरं धरा आणि ते ठिकाण चर्चचं असलं तरी गप्प राहू नका. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. लूकही वैद्यच होता.

शेवटचं काम संडे स्कूलच्या शिक्षकांबरोबर करायचं. एका वर्गात वीस मुलं असतात आणि त्यांच्या हातात जेमतेम एक तास. शाळा सुरू होतात त्या जून महिन्यात त्यांना प्रत्येक मुलाबद्दल तीन ओळी लिहून द्या: काय आवडतं, काय झेपत नाही, बिनसलं तर काय करायचं. उदाहरणार्थ: "हिला चित्र काढायला आणि फळा पुसायला आवडतं. सगळ्यांसमोर वचन म्हणता येत नाही, तुमच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणेल. रडू आलं तर दाराजवळ पाच मिनिटं बसू द्या, ती आपण होऊन परत येते."